नाथसागरातील बेटे आणि तेथील पाहुणे



बेट म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. खारा वारा, नारळीच्या झावळ्या आणि दूर क्षितिजावर एखादे शीड. ‘चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग’ ही बेटाची व्याख्या मी पस्तीसएक वर्षे मुलांकडून पाठ करून घेतली. परंतु ज्या मुलांनी ती घडाघड म्हणून दाखविली, त्यांतील बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. आमची आष्टी जालना जिल्ह्यातील, परतूर तालुक्यातील. बीड जिल्ह्यातील आष्टी निराळी आणि वर्ध्याकडील त्याहून निराळी. टपालखात्याचा यात वारंवार घोटाळा होतो म्हणून हे सांगून ठेवले. आमच्या या आष्टीपासून समुद्र तीनशे किलोमीटरांच्या आत कोठेच नाही. तरीसुद्धा बेटे पाहावी, होडीत बसून त्यांच्या अंगाअंगाने जावे, आणि तेथे उतरलेले परदेशचे पक्षी पाहावे अशी कोणास हौस असेल, तर त्याने कोकणात जाण्याचे कारण नाही. घनसावंगी व अंबड हे तालुके ओलांडून पैठणास जावे. तेथे गोदावरी अडवून केलेला जो नाथसागर, त्याच्या पोटात सुमारे तीस बेटे आहेत. या बेटांविषयी आणि तेथे होडीतून कसे जावे याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ही बेटे समुद्रातील बेटांसारखी मुळापासून बेटे नव्हेत. ती पाण्यातून वर आलेली नसून, पाणी वर चढल्यामुळे मागे राहिलेली आहेत. हैदराबाद संस्थानाच्या काळी गोदावरीवर धरण बांधण्याची कल्पना निघाली, ती बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावर नव्याने पाहणी झाली आणि जागा नदीच्या वरच्या अंगास सुमारे शंभर किलोमीटर सरकून पैठणला ठरली. जागा सरकली, परंतु नाव सरकले नाही. म्हणून पैठणच्या धरणास आजही जायकवाडी म्हणतात. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. मी त्या वेळी मॅट्रिकच्या वर्गात होतो. धरणाचा डावा कालवा आमच्या परतूर तालुक्यातून परभणीकडे जातो, त्यामुळे धरण पुरे झाल्याचा आनंद आम्हांकडे मोठा झाला. पाणी आले तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी कालव्याची ओटी भरली होती. परंतु त्याच पाण्याखाली वरच्या अंगास शंभराहून अधिक गावांच्या जमिनी गेल्या, ही गोष्ट आमच्यापैकी थोड्यांनाच त्या वेळी सुचली असेल. आज होडी ज्या बेटाला वळसा घालते, ते बहुधा अशाच कोणा गावाच्या माळाचा उंचवटा असते. ज्या वर्षी पाऊस फार तोकडा पडतो, त्या वर्षी विहिरींची तोंडे आणि देवळांचे चौथरे पाण्याबाहेर दिसू लागतात, व ज्यांची ती गावे होती ती माणसे पाहावयास येतात.

आता येथे थोडे गणित करावे लागेल. गणिताच्या मास्तराला ते टाळता येत नाही, आणि पक्षी तेथे का येतात याचे उत्तर त्या गणितातच आहे. जलाशय पूर्ण भरला म्हणजे त्यात २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावते. हे पाणी पसरते सुमारे ३५० चौरस किलोमीटर जागेवर. भागाकार करून पाहा: सरासरी खोली येते सव्वाआठ मीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या मापाने साडेचार पुरुष. कोयनेच्या शिवसागरात पाणी जवळजवळ एवढेच मावते. परंतु ते डोंगरांच्या कुशीत सुमारे ११५ चौरस किलोमीटरांत कोंडलेले असल्यामुळे खोली त्याच्या तिप्पट. कोयनेचा जलाशय ही विहीर आहे, नाथसागर हे ताट आहे. ताटाच्या कडेला उतार मंद असतो. कित्येक ठिकाणी पाणी हातभर उतरले की काठ शेदोनशे पावले आत सरकतो, आणि मागे राहतो तो चिखल. या चिखलात किडे, अळ्या, शिंपले, कोवळे गवत आणि पाणवनस्पतींचे कंद असतात. आपणांस चिखल दिसला की आपण धोतर सावरतो. पक्ष्याला चिखल दिसला की तो हजारो कोसांवरून खाली उतरतो.

जलाशयाची पूर्ण पातळी १,५२२ फुटांची. धरणाच्या परिसरात शेतकरी, मच्छीमार, हॉटेलवाला, कोणालाही विचारा. ‘पंधराशे बावीस’ हा आकडा तो तिथीप्रमाणे सांगेल. नाशिककडे पाऊस चांगला झाला की भाद्रपद-आश्विनात पाणी या पातळीला टेकते. त्या वेळी होडीतून गेल्यास बेटे लहानशी, हिरवी, बाभळीच्या आणि बेशरमीच्या झुडपांनी भरलेली दिसतात, व पक्षी मात्र बेताचेच. मग रब्बीसाठी कालवे सुटतात, उन्हाने पाणी आटते, आणि कार्तिकापासून रोज थोडे थोडे करून बेटे मोठी होऊ लागतात. जी कालपर्यंत बेटे नव्हती अशी काही नवी पाठ वर काढतात. काही जुनी बेटे काठाला मिळून बेटपण गमावतात. नकाशात काढलेले बेट जागचे हलत नाही. नाथसागराचा नकाशा मात्र दर पंधरवड्यास नवा काढावा लागेल. ‘तीस बेटे’ हा आकडा मी वर सांगितला तो याच सावधगिरीने ऐकावा.

या पाण्याला १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर असून ते छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. दोनशेंहून अधिक जातींचे पक्षी येथे आढळतात, आणि त्यांतील सुमारे सत्तर जाती पाहुण्यांच्या. सर्वांची नावे घेत बसलो तर मला दिलेली वेळ नावांतच संपेल. होडीत बसणाऱ्याला पहिल्या तासाभरात जे भेटतील त्यांचीच थोडी ओळख करून देतो.

अगदी पहिल्यांदा भेटतो तो वारकरी. हा काळाकुट्ट, कोंबडीएवढा, आणि कपाळावर पांढरा शुभ्र टिळा. एकनाथांच्या पैठणात या पक्ष्याला वारकरी म्हणावे यात नवल नाही. याच्या पायाच्या बोटांना पाकळ्यांसारखी कातडी असते, तिने तो वल्हे मारल्यासारखा पोहतो. उडावयाचे झाले म्हणजे एकदम उठत नाही. पाण्यावरून पावलांनी धपधप आवाज करीत बरेच अंतर धावतो आणि मग कोठे हवेत तरंगतो. शेकडो वारकरी एकदम धावू लागले म्हणजे दिंडी निघाल्याचा भास होतो. परंतु ही दिंडी तुमच्यामुळे निघाली असेल तर ती चांगली गोष्ट नव्हे. ते का, हे पुढे सांगतो.

त्यानंतर बदके. शेपटीत तलवारीचे पाते असलेले तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, आणि चोचीच्या मुळाशी तांबडा व टोकाशी पिवळा ठिपका मिरविणारे आपले इकडचेच हळदीकुंकू बदक. ह्या शेवटच्या नावापुढे मला कोणतेही शास्त्रीय नाव फिके वाटते. यांच्यापासून थोडे दूर, बहुधा जोडीने, बसलेला असतो चक्रवाक. रात्री जोडी ताटातूट होऊन नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांस हाका मारते, असा कविसंकेत आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात हा नारिंगी-तपकिरी रंगाचा बदकाच्या कुळातील पक्षी लडाख-तिबेटाकडे उंच प्रदेशात घरटे करतो आणि थंडीपुरता आपल्याकडे येतो. त्याची हाक खरोखरच रात्री दूरवर ऐकू जाते. कवींनी ऐकले होते ते खोटे नव्हे, अर्थ मात्र त्यांनी आपल्या पदरचा लावला.

पण ज्यासाठी मनुष्याने पहाटे थंडीत कुडकुडत होडीत बसावे असा पक्षी म्हणजे पट्टकदंब. राखी अंगाचा, पांढऱ्या डोक्याचा, आणि डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे असलेला हा हंस. वजन दोन-तीन किलो. मंगोलिया, तिबेट व लडाख येथील सरोवरांकाठी तो अंडी घालतो आणि हिवाळ्याच्या तोंडी हिमालय ओलांडून खाली येतो. शास्त्रज्ञांनी काही हंसांच्या अंगी लहानशी यंत्रे बांधून त्यांचा मार्ग तपासला, तेव्हा ७,२९० मीटर उंचीवरून उडालेला एक हंस नोंदला गेला. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या उंचीची कल्पना येईल. तेथे हवा इतकी विरळ की आपल्यासारख्याला दहा पावले चालणे कठीण. या हंसाच्या रक्तातील तांबडे द्रव्य प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते, फुप्फुसे मोठी, आणि बुद्धीही चांगली. तो सरळ रेषेत उंचावरून न जाता डोंगराच्या चढउताराबरोबर खाली-वर होत जातो, कारण खालची दाट हवा पंखांना आधार देते. असा हा गिर्यारोहक नाथसागराच्या बेटावर दिवसा एका पायावर उभा राहून डुलक्या घेतो आणि रात्री काठच्या हरभऱ्याच्या व गव्हाच्या शेतात चरावयास जातो. ज्याचा हरभरा तो खातो त्या शेतकऱ्याला त्याच्या गिर्यारोहणाचे कौतुक सांगून उपयोग नाही, हेही खरे.

आणि शेवटी रोहित, ज्यास कोणी अग्निपंख म्हणतात. हा येतो सर्वांच्या मागून, पाणी पुरेसे उथळ झाल्यावर, पौष-माघाच्या सुमारास. आणि कित्येकदा चैत्रापर्यंत राहतो. उंची चार-पाच फूट, पाय काठ्यांसारखे. चोच मध्येच खाली वाकलेली. ती तो पाण्यात उलटी धरतो, म्हणजे वरचा जबडा खाली. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी पुढे-मागे करून चिखलाचे पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या गाळणीतून बाहेर टाकतो. किडे व शेवाळ आत राहते. याच खाण्यातील द्रव्यामुळे त्याच्या पंखांना गुलाबी रंग येतो. पिल्ले प्रथम करड्या रंगाची असतात, आणि थव्यात अशी करडी डोकी दिसली तर ती कच्छच्या रणातून आलेल्या पोरांची असावीत असे खुशाल समजावे. तेथे या पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. चार-पाचशे रोहित एका रांगेत उथळ पाण्यातून माना खाली घालून चालले आहेत, आणि सूर्य नुकताच धरणाच्या बाजूने वर आला आहे, हे दृश्य वर्णन करण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

आता होडीविषयी. येथे समुद्रावरील सहलींसारखी मोठी जहाजे नाहीत, आणि ती नाहीत हे उत्तमच. पाणी उथळ, खाली बुडालेल्या बाभळींची खोडे, विहिरींचे कठडे, आणि जागोजाग जाळी. येथे चालते ती मच्छीमाराची लहान होडी. तीत तीन किंवा चार माणसे मांडी घालून बसतात. काही होड्यांना इंजिन असते. ते काठापासून निघेपर्यंत ठीक. बेट दिसू लागले की इंजिन बंद आणि वल्हे हातात. अभयारण्य असल्यामुळे वनखात्याची परवानगी काढावी, आणि होडीवाला गावातील जाणता मच्छीमारच निवडावा. अंगावर तरंगते जाकीट घालण्यास लाजू नये. पोहता येते म्हणून न घालणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. गोदावरीच्या थंड पाण्यात, कपड्यांनिशी, जाळ्यात पाय अडकलेला असताना पोहता येते की नाही, हा निराळा प्रश्न आहे.

निघावे पहाटेस, उजाडण्यापूर्वी. याची कारणे दोन. पहिले असे की, मच्छीमार संध्याकाळी टाकलेली जाळी पहाटे काढतात. त्या वेळी पाणी काचेसारखे स्थिर असते. जलाशयाची लांबी पन्नास किलोमीटरांहून अधिक आहे, रुंदी काही ठिकाणी पंचवीसवर. दुपारचा वारा एवढ्या मोकळ्या पाण्यावरून धावत आला म्हणजे तळ्यातसुद्धा समुद्रासारख्या लाटा उठतात, आणि लहान होडीला त्या परवडत नाहीत. म्हणून दहा-अकराच्या आत काठाला लागावे. दुसरे कारण सूर्य. तो आपल्या पाठीशी असावा. समोर असला की प्रत्येक पक्षी काळाच दिसतो, आणि मग वारकरी कोणता व बदक कोणते यावरून होडीत वाद सुरू होतात.

होडी बेटाकडे नेण्याचीही रीत आहे. ती मला एका भोईदादांनी शिकविली. पाण्यावरच त्यांचे आयुष्य गेले. सरळ नाक धरून बेटावर चालून जावयाचे नाही. सरळ येणारी वस्तू पक्ष्याला शिकारी वाटते. बेटाला समांतर, तिरके, जणू आपल्याला दुसरीकडेच जावयाचे आहे अशा रीतीने जावे. उभे राहावयाचे नाही. भडक कपडे नकोत. आणि नजर पक्ष्यांच्या पंखांवर ठेवावयाची नाही, मानांवर ठेवावयाची. ‘गुरुजी,’ ते मला म्हणाले, ‘माना खाली हायेत तवर आपण पाहुणे. एक मान वर झाली की थांबायचं. समद्या वर झाल्या की मागं फिरायचं. पंख उघडल्यावर मंग काय बी करून उपेग नाही.’ या चार वाक्यांत या विषयाचे सारे शास्त्र आलेले आहे. मी एवढेच त्यात घालीन की, बेटावर उतरू नये आणि बेटाभोवती पूर्ण फेरी घालू नये. एक बाजू पक्ष्यांना मोकळी ठेवावी.

माझ्याबरोबर एकदा पुण्याकडील माझे एक व्याही होते. मनुष्य सज्जन, हौशी, आणि गळ्यात किमती कॅमेरा. रोहितांचा थवा मान खाली घालून चरत आहे हे पाहून त्यांचे समाधान होईना. ‘अहो मास्तर, हे उडाल्याशिवाय त्यांचा रंग दिसावयाचा कसा?’ असे म्हणून त्यांनी मोठ्याने टाळ्या वाजविल्या. थवा उडाला. रंग दिसला हे कबूल केले पाहिजे. पंखांच्या आतील तांबडा रंग एकदम उघडला आणि आकाशात गुलाल उधळल्यासारखे झाले. छायाचित्र फारच सुंदर आले. भोईदादा काही बोलले नाहीत. त्यांनी होडी वळविली आणि आम्हांस काठावर आणून सोडले. आठ वाजले होते. व्याहीबुवांस पैसे वसूल न झाल्यासारखे वाटले. मला वाटते, फार स्वस्तात सुटलो.

कारण हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. पक्षी येथे हवापालटासाठी येत नाही, तर परतीच्या वाटेची शिदोरी बांधावयास येतो. माघ-फाल्गुनापर्यंत त्याला अंगात चरबी साठवावयाची असते. त्याच चरबीवर तो हिमालय ओलांडणार आणि तिकडे जाऊन घरटे करणार. प्रत्येक वेळी थवा उडाला की दोन तोटे: उडण्यात शक्ती जाते, आणि चरण्याचा वेळ जातो. एका होडीने एकदा उडविले तर पक्षी ते भरून काढील. परंतु रविवारी सकाळी दहा होड्या आल्या, आणि प्रत्येकीत एक व्याहीबुवा असले, तर त्या दिवशी पक्ष्याने खावे केव्हा? ही शिदोरी अपुरी राहिली तर त्याचा परिणाम आपल्याला दिसत नाही. तो तिबेटात दिसतो, किंवा वाटेतच.

ही काळजी इतर देशांनीही घेतली आहे. गालापागोस हा द्वीपसमूह आपण डार्विनच्या नावाने ओळखतो. तो १८३५ साली तेथे गेला होता. १९५९ साली इक्वाडोर देशाने ती बेटे राष्ट्रीय उद्यान म्हणून राखली. तेथे लहान जहाजांतून सहली निघतात. परंतु प्रत्येक तुकडीबरोबर शिकलेला वाटाड्या असलाच पाहिजे, त्याच्या हाती सोळांहून अधिक माणसे नसावीत, आणि प्राण्यापासून दोन मीटर दूर राहावे, असे नियम आहेत. दोन मीटर हे अंतर आपल्याला फारच थोडे वाटेल. परंतु तेथील प्राणी माणसाला भीत नाहीत. आपले पक्षी वाटेत कित्येक ठिकाणी बंदुका आणि फासे चुकवून आलेले असतात, त्यांना शेदोनशे मीटरही थोडेच. आपल्या देशातले उदाहरण याहून जवळचे आहे. ओडिशातील चिलिका सरोवरात नलबण नावाचे बेट आहे. तेही आमच्या बेटांसारखेच पावसाळ्यात बुडते आणि हिवाळ्यात वर येते, व लाखो पक्षी त्याच्यावर उतरतात. तेथे पक्ष्यांच्या भागात होडी नेण्यास मनाई आहे. याच गोदावरीवर, वरच्या अंगास नाशिक जिल्ह्यात, नांदूर मध्यमेश्वर येथील पाणथळास २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले. महाराष्ट्रातील ते पहिलेच. पट्टकदंबाला जिल्ह्यांच्या सीमा ठाऊक नाहीत. नांदूर मध्यमेश्वर आणि नाथसागर ही त्याला एकाच नदीवरील दोन मुक्कामांची ठिकाणे.

मच्छीमारांविषयी दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत, कारण पक्षीप्रेमी मंडळी त्यांना कधीकधी अडथळा समजतात. धरणापूर्वी भोई समाजाची कुटुंबे नदीवर होती, धरणानंतर ती जलाशयावर आली. कटला, रोहू, मृगळ हे सोडलेले मासे आणि मागाहून आलेला चिलापी यांवर त्यांचा संसार चालतो. पाण्याची पातळी, वाऱ्याची दिशा आणि थव्यांच्या जागा त्यांच्याइतक्या कोणासही ठाऊक नाहीत. उजनीच्या पाण्यावर, भिगवणच्या बाजूस, अशाच कुटुंबांनी आपल्या होड्या पक्षी दाखविण्याकडे वळविल्या, व हिवाळ्यात त्यांना बरी मिळकत होते. पैठणकडे हे अजून तितके रुजलेले नाही. रुजावे असे मला वाटते, मात्र भोईदादांच्या मानांच्या नियमासहित.

नुकताच या पाण्यासंबंधी एक वाद न्यायालयापर्यंत गेला. नाथसागराच्या पाण्यावर तरंगत्या सौरपट्ट्या बसवून वीज निर्माण करण्याची योजना पुढे आली. कहार समाजाच्या पंच कमिटीने तिला हरकत घेतली. मासेमारी आणि अभयारण्य दोन्ही धोक्यात येतील असे त्यांचे म्हणणे. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ साली त्यांचा अर्ज फेटाळला आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालण्याचे नाकारले. वीज आम्हांस नको आहे असे नाही. आमच्या आष्टीत उन्हाळ्यात ती किती वेळ असते हे आम्हीच जाणतो. परंतु पट्ट्या खोल पाण्यावर बसतात की उथळ काठावर, यावर पुष्कळ अवलंबून आहे. वर सांगितलेला ताटाचा हिशेब येथेही लागू पडतो. ताटाच्या मध्यभागी पक्ष्याचे फारसे काम नाही. त्याचे जेवण काठावर वाढलेले असते.

फाल्गुनात नाथषष्ठीची यात्रा भरते. लाखो माणसे पैठणात उतरतात. साधारण त्याच सुमारास पट्टकदंब आणि बदके परतीच्या वाटेला लागतात. पुष्कळांची समजूत अशी की, पाहुणे गेले म्हणजे बेटे ओस पडली. तसे नाही. चैत्र-वैशाखात बेटे सर्वांत मोठी असतात, उघडी, भाजलेली, भेगाळलेली. आणि याच वेळी नदी सुरय नावाचा पक्षी तेथे संसार मांडतो. करड्या पाठीचा, काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा, कैचीसारख्या शेपटीचा. घरटे म्हणजे जमिनीवर अंगाने केलेला खळगा. अंडी मातीच्या रंगाची, पावलाखाली आली तरी कळू नयेत अशी. ऊन असे की दुपारी उघडे पडलेले अंडे थोड्या वेळात निकामी व्हावे. म्हणून नर-मादी आळीपाळीने वर बसतात. आणि उकाडा असह्य झाला की पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणतात आणि अंड्यांवर ओलावा धरतात. टिटवीही असेच करते. या काळात कोणी हौसेने बेटावर पाय ठेवला तर पक्षी ओरडत डोक्यावर फिरत राहतो, आणि तो जितका वेळ फिरतो तितका वेळ अंडी उन्हात. कुत्रे आणि कावळे तर अशा संधीची वाटच पाहत असतात. पाणी उतरून बेट काठाला जोडले गेले असेल तर कुत्र्यांना पोहावेही लागत नाही. शिवाय उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करणारे शेतकरी असतात, त्यांचे टरबुजाचे व काकडीचे वाफे थेट सुरयांच्या खळग्यांपर्यंत जाऊन भिडतात. काही शेतकरी खळग्याभोवती चार दगड मांडून नांगर वळवून घेतात, हे मी पाहिले आहे.

ज्येष्ठात ढग येतात. पैठणला एक थेंब न पडता नाशिककडे पाऊस झाला तरी पाणी वाढू लागते, आणि ते रात्रीतून वाढते. जी बेटे शेवटी वर आली ती प्रथम बुडतात. तोवर पिल्लांच्या पंखांत बळ आलेले असले तर ती उडून पुढच्या उंचवट्यावर जाऊन बसतात.